आत्याचा स्वभाव

सध्या नाशकात कुठेही जा, दोन माणसं भेटली की बोलणं सिंहस्थावर येतंच. रस्ते खोदलेत, तपोवनातल्या साधुग्रामची चर्चा, रिंग रोडची चर्चा, आणि ज्यांची घरं पंचवटीत आहेत त्यांना तर बाहेरगावच्या नातेवाईकांचे आत्तापासून फोन, की २०२७ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तुमच्याकडेच उतरणार बरं का, आधीच सांगून ठेवतोय. आमची आत्या पंचवटीत राहते. तिलाही असे फोन येतात. ती सगळ्यांना या या म्हणते, फोन ठेवते, आणि मग त्या रात्री तिला झोप लागत नाही.

२७ ऑगस्ट २००३. श्रावण अमावस्या, पोळा, आणि शाही स्नानाचा दिवस. सरदार चौकाजवळ, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली आणि शंभराहून जास्त जखमी झाली. बाहेरगावच्यांच्या हे आता लक्षातही नसेल, पण त्या भागात राहणाऱ्यांना अजून विचारून बघा. आत्या त्या गर्दीत होती. स्नानाला गेलीच नव्हती, शेजारच्या काकूंबरोबर आखाड्यांची मिरवणूक बघायला म्हणून निघाली होती, घरापासून चालत दहा मिनिटांवर, जिथून ती रोज भाजी घेऊन यायची त्या रस्त्याने. आपल्याला वाटतं चेंगराचेंगरीत माणसं पायाखाली तुडवून मरतात, पण बहुतेक जण श्वास कोंडून जातात, चारही बाजूंनी एवढा दाब येतो की छाती फुगायलाच जागा उरत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. आत्या एवढंच सांगायची, माझे पाय जमिनीला लागत नव्हते आणि ओरडायला आत हवाच नव्हती. यापुढे ती कधी बोलायची नाही.

ती वाचली. काकूही वाचल्या. आत्याच्या बरगडीला क्रॅक गेली होती, ती दीड-दोन महिन्यात जुळली आणि घरच्यांच्या दृष्टीने विषय संपला. देवाची कृपा, गोदामाईने वाचवलं, आता विसर ते, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. मी तेव्हा अकरावीत होते.

त्यानंतरच्या वर्षांमध्ये आत्याचा जो काही 'स्वभाव' झाला तो सगळ्या घराला पाठ आहे. लग्नाच्या हॉलमध्ये ती दाराजवळचीच खुर्ची पकडणार, बुफेच्या रांगेत उभी राहणार नाही, कोणीतरी ताट वाढून आणायचं. बाथरूमची कडी लावणार नाही. स्वतः लावलेल्या कुकरची शिट्टी झाली तरी दचकणार. मागून कोणी खांद्यावर हात ठेवला, अगदी लहान पोराने मजेत ठेवला तरी, फटकन झटकणार आणि मग स्वतःच रडवेली होणार. कामदा एकादशीला रामाचा आणि गरुडाचा रथ निघतो, पूर्वी ती रथाची दोरी धरायला मिळावी म्हणून धडपडायची, ते बंद. रंगपंचमीला रहाडीकडे, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदाकडे, जाणं बंद. चिडचिड एवढी वाढली की आतोबा संध्याकाळी मुद्दाम उशिरा घरी यायला लागले. आणि नाशकातली जानेवारीची थंडी तुम्हाला माहितीये, पारा दहाच्या खाली जातो, घराघरात दोन-दोन गोधड्या निघतात, आत्या मात्र नुसती पातळ चादर पांघरून कुडकुडत झोपायची. गोधडी दिली की ढकलून द्यायची. मला जड होतं म्हणायची. आजी म्हणायची, हट्टी आहे, लहानपणापासून हट्टीच आहे.

एकलकोंडी, तिरसट, भित्री, नाटकी. आमच्याकडे माणसाला लागलेल्या माराची अशी नावं ठेवली जातात आणि एकदा नाव ठेवलं की कोणी पुन्हा त्याकडे बघत नाही. मला या लेखात खरं तर हेच सांगायचंय. आत्याला जे झालं होतं तो आजार होता, जबर प्रसंगानंतर जडणारा, त्याला नाव होतं, पीटीएसडी, १९८० पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत पुस्तकात नोंद होती, उपचार होते, आणि आम्ही त्याला स्वभाव म्हणत होतो. तिलाही तसंच वाटायचं, म्हणजे ती स्वतःसुद्धा म्हणायची, जाऊ दे गं, मी अशीच आहे.

मधल्या काळात तिचे ईसीजी निघाले, बीपीच्या गोळ्या लागल्या, अॅसिडिटीवर इलाज झाले, कोणीतरी अंगारा आणला, आणि जवळच्या एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली ती वर्षानुवर्षं चालू राहिली. पण तू कधी कुठे अडकली होतीस का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो विचारला गेला कंबरदुखीमुळे. काही वर्षांपूर्वी एमआरआय काढायला नेलं होतं, मशीनच्या त्या बोगद्यात डोकं आत जातंय न जातंय तोवर आत्याने हातातला रबरी फुगा असा दाबला की आतली माणसं धावत आली, बाहेर काढलं तर घामाने कपडे भिजलेले, ओठ पांढरे. तिथे एक तरुण डॉक्टर होता. त्याने पाणी दिलं, शेजारी स्टूल घेऊन बसला आणि विचारलं, काकू, पूर्वी कधी कोंडल्यासारखं झालं होतं का कुठे? आत्या म्हणाली, कुंभात. बस एवढंच. त्याने कंबरेचं राहू द्या म्हणून सांगितलं आणि आधी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. मला त्या मुलाचं फार कौतुक वाटतं.

त्या मॅडमकडे आत्याबरोबर मीच जायचे. त्यांनी पहिल्याच भेटीत कागदावर मेंदूचं चित्र काढून दाखवलं, आणि आत्याने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, अजून आहे. त्यांनी सांगितलेलं आणि नंतर मी वाचत गेले ते सगळं आता एकमेकांत मिसळलंय, तरी जमेल तसं सांगते.

मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, साधारण कानाच्या वरच्या रेषेत खोलवर, बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका ओळखणं हे त्याचं मुख्य काम. जोसेफ लेडू नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांवर काम करून दाखवलं की आवाजासारखी माहिती अमिग्डालाकडे दोन वाटांनी पोचते. एक वाट लांबची, मेंदूच्या बाहेरच्या थरातून जाणारी, तिथे नीट छाननी होते की हा आवाज कसला, कुठून आला. दुसरी थेट. थेट वाटेने आलेली माहिती धूसर असते पण लवकर पोचते, म्हणून आपण आधी दचकतो आणि मग आपल्याला कळतं की अरे हा तर कुकर. दचकणं आपल्या हातात नसतं, कळण्याच्या आधीच ते होऊन गेलेलं असतं. छाती धडधडते, स्नायू आवळतात, नॉरअॅड्रिनलिन नावाचं रसायन वाढतं. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच.

फरक पडतो पुढे. माझी एक मैत्रीण देवळाली कॅम्पला राहते, तिथे तोफखान्याच्या स्कूलचा सराव असला की घराच्या काचा थरथरतात. नवीन पाहुणा पहिल्या आवाजाला उडतो, तिसऱ्या-चौथ्याला मान वर करतो, आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्याच्या लक्षातही येत नाही. धोका नाहीये हे मेंदू शिकतो. हे शिकण्यात कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्यातही त्याचा मधला-खालचा पट्टा, महत्त्वाचा असतो, तो अमिग्डालाला शांत करतो. पीटीएसडी झालेल्या बऱ्याच लोकांच्या स्कॅनमध्ये नेमकं हे दिसतं की अमिग्डाला गरजेपेक्षा जास्त पेटलेला आणि हा पुढचा पट्टा थंड. म्हणून आत्या शंभराव्या शिट्टीलाही पहिल्या शिट्टीसारखीच दचकते. तिला समजवून उपयोग नसतो, कारण तिला माहितीच आहे की तो कुकर आहे. तिनेच लावलाय.

आणि मग हिप्पोकॅम्पस. मला सगळ्यात जास्त काही उमगलं असेल तर ते इथे. आपल्या अनुभवांना जागा आणि वेळ जोडण्याचं काम या भागाचं, म्हणजे पोस्टात पत्रावर गावाचा आणि तारखेचा शिक्का बसतो तसं. अमुक गोष्ट अमुक ठिकाणी, अमुक साली झाली आणि ती झाली, आता नाहीये. प्रचंड भीतीच्या वेळी हे काम नीट होत नाही. वास, दाब, आवाज, दम कोंडणं हे तुकडे मात्र घट्ट बसतात, कारण तिकडे अमिग्डाला जोरात काम करत असतो. मग पुढे कधीतरी त्यातला एखादा तुकडा समोर आला, की तो आठवण म्हणून येत नाही, तो आत्ता घडतंय म्हणूनच येतो. ओल्या सुती कपड्यांचा वास. पाठीवर अनोळखी हात. छातीवर वजन.

छातीवर वजन म्हटल्यावर मॅडमनी विचारलं, झोपताना पांघरूण काय घेता? आणि मी खुर्चीत ताठ झाले. थंडीत कुडकुडणारी आत्या, ढकलून दिलेली गोधडी, आजीचं ते हट्टी आहे म्हणणं, सगळं एका क्षणात जागेवर बसलं. गोधडीचं वजन छातीवर आलं की तिच्या मेंदूला सरदार चौक सुरू झालेला असायचा. इतके हिवाळे.

हे फक्त माणसातच होतं असं नाही. पाव्हलॉव्ह सगळ्यांना घंटी आणि लाळ गळणाऱ्या कुत्र्यांमुळे माहिती असतो, शाळेत होतं ते. पण त्याच्याच प्रयोगशाळेतली ही दुसरी गोष्ट शाळेत नव्हती. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. कुत्री पिंजऱ्यात होती, पाणी चढत गेलं, कुत्री वर तोंड करून पोहत राहिली, आणि पिंजऱ्याची दारं खाली असल्यामुळे त्यांना बाहेर काढायला आलेल्या नोकरांना त्यांची डोकी पाण्याखाली दाबून त्यांना ओढून काढावं लागलं. कुत्री वाचली. पण त्यातली काही इतकी बदलली की महिनोन् महिने शिकवलेलं सगळं विसरून गेली. पुन्हा हळूहळू शिकवलं, जरा स्थिर झाली, आणि मग पाव्हलॉव्हच्या माणसांनी प्रयोगाच्या खोलीत दाराखालून पाण्याची बारीक धार सोडली. धारच फक्त. कुत्रं पुन्हा पार कोसळलं. मला तो प्रयोग क्रूर वाटतो, पण त्यातून कळतं ते खरं आहे. नाशिककरांना तर हे लगेच समजेल. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की अर्धं शहर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला होळकर पुलावर जातं, फोटो काढतं, पण २०१६ च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या दुकानात आणि घरात पाणी शिरलं होतं, सराफ बाजार, भांडी बाजार, त्यातल्या कुणाकुणाला फोनवर तो विसर्गाचा मेसेज आला की काय होत असेल, हे पुलावर उभं राहून कळत नाही.

आता एक गोष्ट जरा सावधपणे सांगायला पाहिजे. ट्रॉमाने मेंदू आकसतो, हिप्पोकॅम्पस छोटा होतो, असे फॉरवर्ड फिरत असतात. ते अर्धंच खरं आहे. पीटीएसडी असलेल्यांमध्ये हिप्पोकॅम्पस सरासरीने थोडा लहान असतो हे बऱ्याच अभ्यासांमध्ये दिसलंय. पण २००२ मध्ये अमेरिकेत एक फार हुशारीने आखलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिएतनाम युद्धातले सैनिक आणि त्यांचे जुळे भाऊ, अगदी एकसारखे जुळे, ज्यांच्यापैकी एक युद्धावर गेला आणि दुसरा घरीच राहिला. ज्या सैनिकांना गंभीर पीटीएसडी होता त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान निघाला, आणि त्यांच्या घरी राहिलेल्या भावांचाही लहानच निघाला. म्हणजे काही जणांच्या बाबतीत तो आधीपासूनच तसा असतो आणि त्यामुळे त्यांना मार जास्त लागतो. दुसरीकडे, उंदरांना बरेच दिवस ताणाखाली ठेवलं तर त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या खरंच आखडतात, आणि ताण थांबला की त्या बऱ्यापैकी परत वाढतातही. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, परत वाढतात म्हणजे, नक्की? नक्की, म्हटलं, उंदरात तरी नक्की.

मला वाटतं आपल्याकडच्या लोकांनी जुळ्यांची गोष्ट समजून घेतली पाहिजे. कारण शेजारच्या काकू. त्याच गर्दीत, त्याच मिनिटाला, आत्याचा हात धरून होत्या. त्यांना पहिले दोन-तीन आठवडे झोप लागली नाही, स्वप्नं पडली, नंतर हळूहळू ओसरलं, २०१५ च्या सिंहस्थाला त्या मजेत घाटावर गेल्या. आणि मग वीस वर्षं आत्याला हेच ऐकवलं गेलं, त्या बघ, त्याही होत्या ना तुझ्याबरोबर, त्यांना काही झालं का? जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात साधारण ७० टक्के लोकांच्या आयुष्यात कधी ना कधी असा जबर प्रसंग येतो, आणि त्यातल्या ५.६ टक्क्यांना पीटीएसडी होतो. बहुतेक लोक काकूंसारखेच असतात. म्हणजे काकू धीराच्या आणि आत्या कच्ची असा याचा अर्थ नाही निघत. बरगडीला तरी सगळ्यांच्या सारखीच क्रॅक कुठे जाते? आधीचं आयुष्य, अंगातली घडण, त्या क्षणी नेमकं काय झालं, आणि नंतर घरच्यांनी कसं घेतलं, हे सगळं त्यात येतं. शेवटची गोष्ट निदान माणसांच्या हातातली आहे.

कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात सुटणारं हार्मोन, त्याबद्दलही आपली एक समजूत असते की ताण म्हणजे कॉर्टिसॉल जास्त. पीटीएसडीमध्ये बऱ्याच अभ्यासात उलटं दिसलं, रेचल यहूदा या संशोधकांनी यावर खूप काम केलंय, या लोकांचं कॉर्टिसॉल अपेक्षेपेक्षा कमी. कॉर्टिसॉलचं एक काम म्हणजे धोका टळल्यावर शरीराला सांगणं की आता पुरे. ते कमी पडलं तर शरीर तयारीतच राहतं. सगळ्यांमध्ये हे दिसत नाही, पण आत्याला रोज संध्याकाळी जो थकवा यायचा, काही न करता, दिवसभर दगड फोडल्यासारखा, त्याचं मला पहिल्यांदा काहीतरी उत्तर मिळाल्यासारखं वाटलं.

आणि ते न बोलणं. १९९६ च्या एका अभ्यासात पीटीएसडी असलेल्यांना त्यांच्याच प्रसंगाचं वर्णन ऐकवत मेंदूचा स्कॅन केला, तेव्हा भीतीचे भाग उजळले आणि बोलण्याशी जोडलेला ब्रोका नावाचा भाग मंदावला. छोटा अभ्यास होता, त्यावरून फार मोठ्या गोष्टी बोलू नयेत. पण आत्याची गोष्ट नेहमी 'आत हवाच नव्हती' इथेच येऊन थांबायची, आणि नातेवाईक खोदून खोदून विचारायचे, मग पुढे काय झालं, कशी सुटलीस, सांग ना. ती उठून स्वयंपाकघरात जायची.

उपचारांचं सांगते. मॅडमनी एक तर सर्ट्रालिन नावाची गोळी सुरू केली, आणि ती जुनी झोपेची गोळी एकदम बंद न करता महिनोन् महिने थोडी थोडी कमी करत नेली. तसल्या गोळ्यांनी रात्र निघते पण पीटीएसडीचं मूळ हलत नाही, उलट सवय लागते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण खरं काम थेरपीचं. आणि ते गोधडीपासून सुरू झालं.

घरातलीच जुनी गोधडी, आजीने शिवलेली, निळ्या लुगड्याची, चांगली जड. पहिल्यांदा ती फक्त घडी करून मांडीवर घ्यायची, दुपारी, टीव्ही चालू असताना, दार उघडं. मॅडम विचारायच्या, शंभरातली किती भीती वाटतेय? आत्या म्हणायची साठ. मग काही करायचं नाही. रामरक्षा म्हणायची नाही, मन दुसरीकडे वळवायचं नाही, गोधडी बाजूला टाकायची नाही, फक्त बसून राहायचं आणि आकडा किती होतो ते बघायचं. साठचे पंचावन्न व्हायचे, मध्येच सत्तर, मग पन्नास, चाळीस. भीती आपोआप उतरते हे आत्याला आयुष्यात पहिल्यांदा बघायला मिळालं, कारण त्याआधी ती दर वेळी त्याआधीच गोधडी ढकलून मोकळी झालेली असायची. नंतर आडवं पडून पायांवर. मग पोटापर्यंत. तिथे बरेच आठवडे अडकलं, पोटाच्या वर सरकवली की आकडा नव्वद. एक दिवस ती आपली आपण मोठ्याने बोलायला लागली, वजन गोधडीचं आहे, माणसांचं नाहीये, ही आईची गोधडी आहे, वजन गोधडीचं आहे. मी बाहेरच्या खोलीत होते. आत गेले नाही.

दुसरं काम याहून अवघड. तिने सगळा प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय असा, सुरुवातीपासून सांगायचा, मॅडम मोबाईलवर रेकॉर्ड करणार, आणि घरी रोज ते ऐकायचं. मला हे अमानुष वाटलं होतं सुरुवातीला, एवढ्या वर्षांनी पुन्हा त्यातच ढकलायचं. पण नातेवाईकांनी चहा पिता पिता खोदून विचारणं वेगळं, आणि शिकलेल्या माणसाने समोर बसून, कुठे थांबायचं हे जाणत, पुन्हा पुन्हा त्यातून पार नेणं वेगळं. हवाच नव्हती, इथे ती कितीतरी वेळा थांबली. आणि मग कधीतरी पुढचं वाक्य आलं. एका पोलिसाने वरून, कोणाच्या तरी ओट्यावरून, वाकून तिचा हात धरला आणि तिला ओढून वर घेतलं. त्याच्या सदऱ्याची बाही फाटलेली होती. कोणीतरी पाणी दिलं, कळशीतलं. मग ती अनवाणी चालत घरी आली, घरी बैलाची मातीची जोडी पाटावर मांडलेली होती.

हे सगळं तिला माहितीच होतं. पण तिच्या आठवणीत ते गोष्टीला जोडलेलंच नव्हतं. आठवण कायम सगळ्यात वाईट क्षणाशी येऊन तुटायची, त्यामुळे मेंदूच्या हिशोबात ती अजून गर्दीतच होती. रेकॉर्डिंग ऐकता ऐकता ती एकदा मला म्हणाली, अगं, मी त्या दिवशी घरी आले होते. आपण म्हणू त्यात काय विशेष. मला त्या वाक्याने रडू आलं.

तो पोलीस कोण होता ते आम्हाला माहीत नाही. त्याने त्या दिवशी आणखी किती जणांना ओढलं असेल, आणि किती हात त्याच्या हातून सुटले असतील, आणि घरी गेल्यावर त्याने बायकोला काय सांगितलं असेल. होमगार्ड, अॅम्ब्युलन्सवाले, तिथल्या चपलांचे ढीग उचलणारे सफाई कामगार. प्रसंग प्रत्यक्ष डोळ्यांनी बघणाऱ्यालाही पीटीएसडी होतो, कामाचा भाग म्हणून वारंवार तेच बघणाऱ्यालाही होतो. २०२७ साठी रस्ते, पूल, कॅमेरे यांचे आकडे रोज पेपरात येतात. तेवढ्याच गांभीर्याने, बंदोबस्ताला असणाऱ्या माणसांच्या मनाची काळजी कोण घेणार हेही ठरावं, अशी माझी फार इच्छा आहे.

कुठलाही प्रसंग झाला, अपघात, पूर, आग, तर मॅडमनी सांगितलेलं मी आता सगळ्यांना सांगत सुटते. पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं, तेच तेच आठवणं, हे होणारच, त्याला आजार म्हणायची घाई नको. माणसाला जेवण, झोपायला सुरक्षित जागा, आपली माणसं जवळ, एवढं द्यावं. सांगावंसं वाटलं तर ऐकावं, खोदून विचारू नये, जबरदस्तीने बोलतं केल्याने फायदा होत नाही. झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. आणि महिना उलटूनही कमी होत नसेल, माणूस टाळायला लागला असेल, चिडायला लागला असेल, तर त्याला स्वभाव म्हणू नये, डॉक्टरकडे न्यावं. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

आत्या पूर्ण बरी झाली का, तर नाही. शास्त्रज्ञ म्हणतात जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी एक नवीन शिकवण तयार होते आणि दोघींची ओढाताण चालू राहते. त्यात नवीन शिकवण जिथे शिकली त्या जागेला जास्त चिकटलेली असते. म्हणून घरातल्या पलंगावर गोधडी जमली तरी मुलीकडे पुण्याला गेल्यावर पुन्हा जमेना. म्हणून मॅडम जागा बदलत राहतात. आधी पहाटेचं रिकामं रामकुंड, मग बुधवारचा बाजार, आधी कडेने, मग मधून. सरदार चौकातून आम्ही दोघी चालत गेलो आहोत. तिने तो ओटा शोधायचा प्रयत्न केला, पण तिथली घरं आता बदललीत.

या महिन्यातली पायरी सिटी बसची आहे, निमाणी ते सीबीएस. मॅडमचं म्हणणं सकाळी ऑफिसच्या वेळची, भरलेली बस घ्या. आत्याचं म्हणणं दुपारची. दोघींचं यावर बराच वेळ चाललं, आत्या चक्क भांडली, तुम्हाला काय जातंय सांगायला, आत तर मीच असणार ना, आणि मॅडम म्हणाल्या, काकू, तुम्हीच असणार म्हणूनच सांगतेय. शेवटी अकराच्या बसवर ठरलं. सीट मिळाली तरी बसायचं नाही, मधल्या दांड्याला धरून उभं राहायचं. मी बरोबर यायचं, पण दाराशी थांबायचं, तिच्याजवळ नाही. हे शेवटचं मॅडमनी नाही, आत्यानेच सांगितलं.